काळजांतील टोपी

इंग्रजी भाषा शिकविण्याच्या व्यवसायांत आमचीं तीस वर्षें गेलीं. या अवधींत कित्येक हजार शब्दांची आम्हीं विद्यार्थ्यांस ओळख करून दिली असेल. परंतु एखादा शब्द आपण होऊन आमच्या घरीं चालून यावा आणि 'मला ओळखतां का?' असें विचारीत दाराशीं उभा राहावा, असा प्रसंग गेल्या पावसाळ्यापर्यंत आमच्यावर आला नव्हता. तो शब्द म्हणजे 'मायट्रल'.

त्याचें असें झालें. आमच्या बिऱ्हाडाच्या जिन्यास चौदा पायऱ्या आहेत. त्या चढतांना आमच्या सौभाग्यवतींस वाटेंत दोनदां थांबावें लागूं लागलें. वयोमानाप्रमाणें असें व्हावयाचेंच, असें त्यांनीं स्वतःच ठरवून टाकलें होतें, आणि आम्हींही तें सोईस्करपणें मान्य केलें होतें. शेवटीं भाच्याच्या आग्रहास्तव हृदयरोगाच्या एका डॉक्टरांकडे जाणें झालें. त्यांनीं छातीस नळी लावून बराच वेळ ऐकलें, ध्वनिलहरींच्या यंत्रानें काळजाचें हलतें चित्र पडद्यावर पाहिलें, आणि लहानपणीं सांधे सुजून ताप आला होता काय, असा प्रश्न केला. सौभाग्यवतींस तो ताप चांगला आठवत होता. नवव्या वर्षीं त्या दीड महिना अंथरुणास खिळून होत्या. घसा दुखण्यापासून सुरू होणारा हा ताप पुढें सांधे सोडून जातो, पण काळजांत आपली खूण ठेवून जातो, आणि ती खूण कधीं कधीं तीस-चाळीस वर्षांनीं उघडकीस येते. डॉक्टर म्हणाले, "मायट्रल झडप आंखडली आहे."

परततांना रिक्षांत सौभाग्यवतींनीं विचारलें, "अहो, मायट्रल म्हणजे काय?"

"झडपेचें नांव आहे," आम्ही म्हणालों.

"तें मलाही कळलें. पण त्याचा अर्थ काय? जन्मभर परक्यांच्या मुलांना शब्दांचे अर्थ सांगत आलांत; माझ्या काळजांत जो शब्द बसला आहे त्याचा अर्थ मला नको का सांगायला?"

हा प्रश्न, खरें सांगावयाचें तर, आमच्या पथ्यावरच पडला. कारण डॉक्टरांनीं आम्हांस एकट्यास पुनः आंत बोलावून आणखी चार वाक्यें सांगितलीं होतीं. तीं आम्हीं मनाच्या तळाशीं दडपून ठेवलीं आणि घरीं येतांच कपाटांतील कोश खालीं काढले. शब्दाचें मूळ शोधणें हें काम आम्हांस येतें. बाकीचें येत नव्हतें.

'मायट्रल' हें विशेषण 'मायटर' या नामापासून झालें आहे, आणि मायटर म्हणजे ख्रिस्ती बिशप समारंभप्रसंगीं मस्तकावर धारण करितात ती उंच टोपी. हिला दोन पातीं असतात, एक पुढें आणि एक मागें. दोन्ही वर निमुळतीं होत जाऊन टोकास पोहोंचतात, मध्यें खांच राहते, आणि मागल्या बाजूस दोन फिती पाठीवर लोंबत असतात. तेव्हां 'मायट्रल' म्हणजे या टोपीच्या आकाराची. काळजाच्या डाव्या बाजूस वरचा कप्पा आणि खालचा कप्पा यांच्यामध्यें जी झडप आहे, तिलाही अशींच दोन पातीं असून तीं बारीक पण चिवट तंतूंनीं खालीं बांधलेलीं असतात. वरच्या कप्प्यांतून रक्त खालीं उतरूं द्यावयाचें, परंतु उलट वर जाऊं द्यावयाचें नाहीं, एवढेंच तिचें काम. पण तें तिला दिवसांतून एक लाखाहून अधिक वेळां, आणि एकदांही न चुकतां, करावें लागतें.

या झडपेंत बिशपची टोपी पहिल्यानें कोणास दिसली? तर आंद्रेआस वेसालियस यास. हा ब्रुसेल्सचा राहणारा इटलींतील पादुआ विद्यापीठांत शरीरशास्त्राचा अध्यापक होता. आपल्या हातानें प्रेतें चिरून, जें दिसेल तेंच लिहावयाचें, अशी त्याची प्रतिज्ञा होती. १५४३ सालीं बाझल येथें त्याचा मानवी शरीराच्या रचनेवरील प्रचंड ग्रंथ प्रसिद्ध झाला, तेव्हां तो अवघा अठ्ठावीस वर्षांचा होता. त्या ग्रंथांत त्यानें डाव्या बाजूच्या या झडपेस बिशपच्या टोपीची उपमा दिली. उपमा अशी कांहीं चपखल बसली कीं पुढें तिचेंच नांव झालें, आणि आज पृथ्वीच्या पाठीवरील झाडून सारे डॉक्टर, ते कोणत्याही धर्माचे असोत, काळजांतील या जागेस त्याच नांवानें ओळखतात.

या ठिकाणीं आम्हांस थोडें थांबावेंसें वाटलें. वेसालियसास टोपीच कां दिसली? ज्या गांवांत तो वावरत होता तेथें बिशपांची वर्दळ होती, म्हणून. माणूस अनोळखी वस्तूपुढें उभा राहिला म्हणजे तिच्यासारखी ओळखीची वस्तु आपल्या घरांत, आपल्या रस्त्यांत शोधतो. आपल्याकडे शाळेच्या पुस्तकांत याच झडपेस 'द्विदल झडप' म्हणतात, आणि तें नांव ऐकतांच आपल्या डोळ्यांपुढें तुरीचा नाहींतर हरभऱ्याचा दाणा येतो. वस्तु एकच, पण एकास तिच्यांत देवालयाचा सोहळा दिसतो, दुसऱ्यास सैंपाकघरांतील डबा. नांव हें वस्तूचें वर्णन तर खरेंच. परंतु नांव ठेवणाराच्या डोळ्यांसमोर काय होतें याचीही ती नोंद असते.

काळजाच्या बाबतींत हें फारच स्पष्ट दिसतें. त्याला रक्त पुरविणाऱ्या धमन्यांस 'कॉरोनरी' म्हणतात. हा शब्द मुकुट किंवा माळ या अर्थाच्या लॅटिन शब्दापासून आला आहे, कारण त्या धमन्या काळजाभोंवतीं माळेसारख्या वेढून असतात. म्हणजे बाहेरून मुकुट आणि आंत टोपी! आपल्या छातींत एवढा थाटमाट चालला आहे, याची आपणांस रोजच्या धांदलींत दादही नसते.

आतां टोपीचें मूळ पाहूं. लॅटिनमधील 'मित्रा' हा शब्द ग्रीकांकडून आलेला आहे. पण ग्रीकांच्या जुन्या काव्यांत ती टोपी नव्हेच. होमरच्या 'इलियड'मध्यें मेनेलाउस यास बाण लागतो तो प्रसंग वाचकांपैकीं पुष्कळांस ठाऊक असेल. बाण कमरपट्टा भेदतो, चिलखत भेदतो, आणि त्याच्याही आंत पोटाभोंवतीं धातूचें जें आवरण असतें त्यालाही भेदून कातडीस ओझरता लागतो. परंतु तेवढ्या आवरणानें त्याचा जीव वांचतो. त्या आवरणाचें नांव 'मित्रा'. पुढें हाच शब्द केस बांधावयाच्या पट्ट्यास लागला. हिरोडोटस सांगतो कीं बाबिलोनचे लोक केस लांब राखीत आणि त्यांभोंवतीं मित्रा गुंडाळीत. म्हणजे आपल्या फेट्यासारखाच कांहींसा हा प्रकार असावा. रोमन लोकांस मात्र हें पौर्वात्य शिरोभूषण नामर्दपणाचें लक्षण वाटे. व्हर्जिलच्या महाकाव्यांत इनियसचा प्रतिस्पर्धी राजा त्याची निंदा करितांना हनुवटीखालीं बांधलेल्या या मित्राचीच टर उडवितो.

काळाचा न्याय विचित्र आहे. ज्या शिरोभूषणास रोमचा कवि शत्रूच्या तोंडून हिणवितो, तेंच नांव पुढें रोमच्याच धर्मपीठाच्या मस्तकीं चढलें. १०४९ सालीं पोप नववा लिओ यानें ट्रीअर येथील आर्चबिशप एबरहार्ड यास ही टोपी धारण करण्याचा मान दिला, असा लेख आहे. त्या काळीं ती निमुळत्या शंकूसारखी असे. पुढें मधला भाग दबून दोन बाजूंस दोन शिंगें निघालीं, आणि बाराव्या शतकाच्या उत्तरार्धांत कोणीतरी ती टोपी चतकोर फिरवून शिंगें कानांवरून काढून पुढें-मागें आणिलीं. ती जर तशी फिरली नसती, तर पादुआच्या त्या तरुण अध्यापकास काळजाच्या पुढल्या-मागल्या पात्यांत तिची आठवण झाली असती कीं नाहीं, कोण जाणे! याप्रमाणें हा शब्द कमरेवरून डोक्यावर चढला, आणि डोक्यावरून काळजांत उतरला.

हें सर्व आम्हीं दोन दिवसांत जुळविलें आणि तिसऱ्या दिवशीं संध्याकाळीं सौभाग्यवतींपुढें मांडावयास बसलों. परंतु बिशपची टोपी त्यांनीं कधीं नीट पाहिलेली नव्हती, आणि आमच्या हस्तलाघवानें काढलेलें चित्र त्यांस उपड्या घातलेल्या मोदकासारखें वाटलें. इतक्यांत भाच्याचा बुद्धिबळाचा डाव आम्हांस दिसला. त्यांतला एक उंट उचलून आम्हीं त्यांच्या हातावर ठेवला आणि त्याच्या डोक्यावरची तिरपी चीर दाखविली. ही चीर म्हणजेच मायटरची खांच. इंग्रजींत या मोहऱ्यास बिशप म्हणतात.

"उंटाला बिशप कसे म्हणतात?" त्यांनीं विचारलें, आणि आम्हांस आणखी अर्धा तास बोलावयास मिळाला. हा खेळ मूळ आपल्याकडचा, आणि हें मोहरें मूळचा हत्ती. तो इराणांतून अरबस्तानांत गेला. तेथील कारागिरांनीं प्राण्याची मूर्ति न घडवितां नुसता एक ठोकळा करून त्यावर सुळ्यांच्या जागीं दोन उंचवटे ठेवले. असा ठोकळा युरोपांत पोहोंचल्यावर त्यावरच्या दोन टोकांत इंग्रजांस बिशपची टोपी दिसली, तर फ्रेंचांस विदूषकाची. म्हणून फ्रेंचांत तो अजूनही विदूषकच आहे. स्कॉटलंडच्या पश्चिमेस ल्यूइस नांवाचें बेट आहे. तेथें १८३१ सालीं वॉलरसच्या दांतांचीं घडविलेलीं बाराव्या शतकांतलीं मोहरीं सांपडलीं. त्यांत डोक्यावर मायटर घालून बसलेले बिशप आहेत. आमच्या महाराष्ट्रांत मात्र हत्ती कोपऱ्यांत जाऊन उभा राहिला आणि त्याची मूळची जागा उंटानें घेतली.

सौभाग्यवतींनीं तें मोहरें उलटसुलट करून पाहिलें. "म्हणजे माझ्या काळजांत उंट बसला आहे म्हणा ना! तरीच अलीकडे तिरका चालतो."

आम्ही दोघेही हंसलों. त्या हंसण्यानें आम्हांस धीर आला, आणि आम्हीं शेवटपर्यंत राखून ठेवलेलें रत्न बाहेर काढलें. ग्रीक 'मित्रा' हा शब्द 'बांधणें' या अर्थाच्या एका प्राचीन धातूपासून निघाला असावा, आणि त्याच धातूपासून वेदांतील मित्र या देवतेचें नांव, म्हणजे आपला नेहमींचा 'मित्र' शब्दही निघाला असावा, असें कित्येक भाषापंडितांनीं सुचविलें आहे. कमरेस बांधतो तो पट्टा, केसांस बांधते ती फीत, आणि माणसास माणसाशीं बांधतो तो मित्र! "तेव्हां हा शब्द परका नव्हे," आम्ही मोठ्या उत्साहानें म्हणालों, "तुझ्या काळजांत आहे तो कोणी उपरा नसून मित्र आहे."

"हें नक्की आहे का?" त्यांनीं विचारलें.

तीस वर्षांची संवय आडवी आली. वर्गांत आम्हीं कधीं तर्कास सिद्धांत म्हटलेलें नाहीं. घरांत तरी कसें म्हणावें? "नक्की नाहीं," आम्हांस कबूल करावें लागलें. "तर्क आहे. हा शब्द ग्रीकांनीं दुसऱ्याच एखाद्या भाषेंतून उचलला असेल, असेंही कांहींजण मानितात."

"मग तें राहूं द्या," त्या शांतपणें म्हणाल्या. त्यांनीं उंट पटावर त्याच्या घरांत ठेवला. "तीन दिवस पाहतें आहें, तुम्ही मला जगांतल्या साऱ्या टोप्या सांगतां आहां. ऐकायला गोड वाटतें. पण आतां मला टोपी घालूं नका. डॉक्टर तुम्हांला आंत काय म्हणाले?"

शब्दाचा अर्थ कोशांत पाहूं म्हणणाऱ्यास व्यवहारांतल्या भाषेनें अशी चपराक मारावी, हें योग्यच झालें. 'टोपी घालणें' म्हणजे फसविणें, हें इंग्रजीच्या अध्यापकास कोणी सांगावयास नको होतें. आम्हीं खोटें असें एक अक्षरही उच्चारलें नव्हतें. परंतु हजारों वर्षांच्या खऱ्या गोष्टी एकीवर एक रचून एक आठवड्याची खरी गोष्ट तिच्याखालीं झांकली होती. विद्येचा उपयोग माणूस ज्ञानासाठीं करितो तितकाच लपण्यासाठींही करितो, आणि लपणाराची ही जागा फार प्रतिष्ठित असल्यामुळें तेथें त्याला कोणी हटकीत नाहीं. घरच्या माणसानें हटकलें तरच.

मग आम्हीं तीं चार वाक्यें सांगितलीं. निरोगी झडप उघडली म्हणजे तिचें तोंड चार ते सहा चौरस सेंटिमीटर असतें. त्यांचें जेमतेम एक उरलें आहे. यापुढें थांबणें बरें नव्हे. मांडीच्या शिरेंतून एक बारीक नळी काळजापर्यंत नेऊन तिच्या टोंकाचा फुगा झडपेच्या तोंडांत फुगविला म्हणजे चिकटलेलीं पातीं बहुधा सुटतात. पण तसें करितांना पातें फाटलें, तर तेथल्या तेथें छाती उघडून कृत्रिम झडप बसवावी लागेल.

सौभाग्यवती थोडा वेळ कांहीं बोलल्या नाहींत. त्यांच्या मांडीवर भाच्याचा सदरा होता. बोलतां बोलतां त्या त्याचें बटण लावीत होत्या. शेवटीं त्यांनीं सदऱ्याचें काज बोटांनीं ताणून पाहिलें आणि म्हणाल्या, "म्हणजे काज जास्त शिवलें गेलें आहे, आणि बटण जात नाहीं. शिवण उसवायची. जपून उसवली तर कापड फाटत नाहीं. आणि फाटलेंच तर ठिगळ आहेच म्हणतात ना? मग इतके दिवस गप्प कां बसलांत?"

त्या रात्रीं एका वैद्यकीय पुस्तकांत आम्हांस असें आढळलें कीं, आंखडलेल्या मायट्रल झडपेच्या आकारास जुन्या पाश्चात्त्य वैद्यांनींही 'काज' असेंच म्हटलेलें आहे. दुसरें नांव 'माशाचें तोंड' असें आहे. कोशाचें पानही न उघडतां आमच्या घरांतल्या माणसानें तेंच नांव शोधून काढलें होतें, आणि तें वेसालियसाच्याच रीतीनें: हातांत काय आहे तें पाहून. आम्हीं तीन दिवस दुसऱ्यांनीं ठेवलेल्या नांवांच्या मागें धांवत होतों. त्यांनीं एका क्षणांत आपल्या दुखण्यास आपलें नांव ठेविलें. त्यानंतर त्या झडपेची आमच्या घरांत जी भीति होती ती पुष्कळ कमी झाली. दुखणें तेंच होतें. पण तें आतां शिवणाच्या पेटींतलें झालें होतें.

ठरलेल्या दिवशीं त्यांस आंत नेल्यावर आम्ही बाहेरच्या बांकावर बसलों. सोबत पुस्तक होतें, पण या खेपेस तें लपण्यासाठीं नव्हतें. १९२३ सालीं बोस्टन येथें इलियट कटलर यानें एका बारा वर्षांच्या मुलीच्या आंखडलेल्या मायट्रल झडपेवर पहिल्यानें शस्त्रक्रिया केली, आणि ती मुलगी चार वर्षांहून अधिक जगली. १९२५ सालीं लंडनमध्यें हेन्री सूटर यानें एका मुलीच्या काळजाच्या वरच्या कप्प्यांतून आपलें बोट आंत घालून ती झडप मोकळी केली. मुलगी बरी झाली. पण त्यानंतर वैद्यांनीं सूटरकडे असा दुसरा रोगी कधीं पाठविलाच नाहीं. १९४८ सालीं अमेरिकेंत हें काम पुनः हातीं घेण्यांत आलें. १९६० सालीं तेथेंच आल्बर्ट स्टार यानें कृत्रिम मायट्रल झडप बसविली. १९९० सालीं तिरुवनंतपुरम् येथील श्रीचित्रा संस्थेनें आपल्या देशांत घडविलेली झडप प्रथम रोग्यास बसविण्यांत आली. आणि आंत ज्या फुग्याचा उपयोग चालला होता त्याची कल्पना कान्जी इनोवे या जपानी शल्यवैद्याची, ती १९८४ सालीं प्रसिद्ध झाली. वेसालियसानें टोपी पाहिली तेव्हांपासून ती उसविण्याचें धैर्य होण्यास माणसास जवळ जवळ चारशें वर्षें लागलीं. नांव ठेवणें आणि हात लावणें यांमध्यें एवढें अंतर असतें.

दीड तासानें डॉक्टर बाहेर आले. "सुटली," एवढेंच ते म्हणाले. इंग्रजी नाहीं, लॅटिन नाहीं, ग्रीक नाहीं. इतका निर्दोष शब्द आम्हीं पुष्कळ दिवसांत ऐकला नव्हता.

तीन आठवड्यांपूर्वीं आम्ही दोघें बाजारांतून परत आलों. सौभाग्यवती पुढें, भाजीची पिशवी घेऊन आम्ही मागें. नवव्या पायरीवर त्या थांबल्या. आमच्या काळजाचा ठोका चुकला, आणि आम्हीं विचारलें, "काय झालें? दम लागला का?"

"मला कशाला लागतोय!" त्या मागें वळून म्हणाल्या, "तुम्ही मागें राहिलांत म्हणून थांबलें आहें."